सोमवारी सुटलेलं क्षेपणास्त्र

सोमवारी शत्रूने सोडलेलं क्षेपणास्त्र गुरुवार संपत आला तरी स्क्वाड्रन लीडर रणवीर जहागीरदार यांच्या विमानापर्यंत पोहोचलं नव्हतं, तेव्हा मी प्रतिक्रिया लिहायचं ठरवलं.

क्षेपणास्त्राच्या उशिराबद्दल माझी तक्रार नव्हती. मी विमा कंपनीत आहे. उशीर या गोष्टीकडे मी आपुलकीने बघतो. माझी तक्रार होती ती रणवीरच्या तोंडावरच्या मास्कबद्दल, किंवा तोंडावर नसलेल्या मास्कबद्दल.

'आभाळाचे पहारेकरी' ही मालिका रोज संध्याकाळी लागते आणि तेवढा वेळ इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीत लिफ्टसुद्धा जागची हलत नाही. एकाहत्तरच्या युद्धातल्या लढाऊ वैमानिकांची गोष्ट, असं जाहिरातीत म्हटलं होतं. प्रत्यक्षात ती रणवीरच्या आईची, म्हणजे माईसाहेबांची, आणि त्यांच्या दोन सुनांची गोष्ट होती. मधूनमधून विमानं यायची. आली की रणवीर तोंडावरचा प्राणवायूचा मास्क काढायचा, खिशातून बायकोचा फोटो काढायचा आणि तिच्याशी सावकाश बोलायचा. ते झालं की शेजारून उडणाऱ्या शत्रूच्या वैमानिकाशी काचेतून भांडायचा. दोघांना एकमेकांचा शब्द न् शब्द ऐकू यायचा. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये बेल ऐकू येत नाही.

मी हे माझ्या पत्नीला, अनसूयेला, बोलून दाखवलं. ती म्हणाली, मास्क घातला तर तो रडतोय हे कळणार कसं? याला उत्तर नव्हतं. घरात उत्तर सापडलं नाही की माणूस सार्वजनिक जीवनात उतरतो. मी वाहिनीच्या फेसबुक पानावर गेलो आणि चार ओळी लिहिल्या, की मालिका छान आहे, माईसाहेबांचं काम उत्तम आहे, परंतु एवढ्या उंचीवर मास्क काढून गप्पा मारणं शक्य नाही, तरी संबंधितांनी नोंद घ्यावी. खाली पूर्ण नाव घातलं, ढुंढिराज क्षेमकल्याणी, नाशिक. 'नाशिक' मुद्दाम लिहिलं. ओझरला विमानं बनतात, ती कधीमधी आमच्या गच्चीवरून जातात, त्यामुळे विमानातलं आपल्याला कळतं असं प्रत्येक नाशिककराला मनातून वाटत असतं. तोफखाना देवळालीला असल्यामुळे तोफांतलंही कळतं.

दुसऱ्या दिवशी चहा होईपर्यंत माझ्या चार ओळींखाली चारशेच्या वर लोक जमले होते. पहिल्याने लिहिलं होतं, 'काका, तुम्ही वर जाऊन दाखवा.' दुसऱ्याने, माझ्यासारख्यांमुळेच देश मागे आहे. एका बाईंनी विचारलं होतं की रणवीर आपल्यासाठी छातीवर क्षेपणास्त्र झेलतोय आणि तुम्हाला मास्क सुचतो? एकाने माझा फोटो शोधून काढला होता आणि मी कुठल्या देशाच्या बाजूचा दिसतो याची चर्चा चालली होती. तो फोटो माझ्या मेव्हण्याच्या लग्नातला. फेटा बांधलेला होता, तरी मतभेद झाले.

आमचे चेअरमन समाधान देवरे ऑफिसला निघायच्या वेळी वर आले. देवरे मूळचे सटाण्याचे, कांद्याचे व्यापारी, मनाने मोठे आणि आवाजाने त्याहून मोठे. सोफ्यावर बसून त्यांनी मला समजावलं की सोसायटीचं नाव खराब होतंय, तरी मी लिहिलेलं पुसून टाकावं. मी म्हणालो, मी लिहिलेलं खरं आहे. ते म्हणाले, खरं आहे म्हणून तर पुसायचं, खोटं असतं तर कोणी मनावर घेतलं असतं का? मग त्यांनी विचारलं की मी विम्यातला माणूस, मला विमानातलं काय कळतं? मी ताठ बसून म्हणालो की विमा आणि विमान यांत एका 'न'चा फरक आहे. माझ्या मते हे उत्तर चांगलं होतं. देवरे म्हणाले, "तोच 'न' तुम्ही तोंडावर लावून घ्या."

पुसायचं नाही हे मी तेव्हाच ठरवलं. मात्र अनसूयेच्या आग्रहावरून खुलासा टाकला, की माझा आक्षेप हवाई दलाला नसून मास्कला आहे, मास्कचाही अपमान करायचा हेतू नाही, आणि सर्व वैमानिकांना माझा प्रणाम आहे. या खुलाशाने आधी चिडलेले शांत झाले नाहीत. उलट तोवर जे माझ्या बाजूने होते, तेही चिडले. मी दबावाखाली वाकलो असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यांनी मालिकेला कंटाळलेल्यांचा एक गट काढला होता आणि मला न विचारता मला त्याचा अध्यक्ष केलं होतं. आता मला न विचारता काढून टाकलं. आयुष्यात भोगलेलं माझं हे एकमेव अध्यक्षपद.

ऑफिसात सगळे माझ्याशी जरा जपून बोलत होते. जेवणाच्या सुट्टीत क्लेम विभागातले लियाकत सय्यद शेजारी येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "बरं झालं तुम्ही लिहिलंत. त्या मास्कचं मलाही पहिल्या दिवसापासून खटकत होतं." मी जरा फणकाऱ्याने विचारलं, मग तुम्ही का नाही लिहिलंत? लियाकतभाईंनी शांतपणे डबा उघडला आणि भेंडीची भाजी पुढे केली. मी भेंडी घेतली. प्रश्न परत घेता आला असता तर तोही घेतला असता.

पुढच्या आठवड्यात पोलीस ठाण्यातून फोन आला. कोण्या जागरूक प्रेक्षकाने अर्ज दिला होता की ढुंढिराज क्षेमकल्याणी यांनी सैन्याचा अवमान करून प्रेक्षकांच्या भावना दुखावल्या. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. हवालदार वाळू गांगुर्डे यांनी मला बसवलं आणि जबाब घ्यायला सुरुवात केली. तिथेच अडलं. मी फिर्यादी नव्हतो, साक्षीदार नव्हतो आणि आरोपी म्हणावं असं अजून काही झालं नव्हतं. बराच विचार करून त्यांनी नावापुढे 'प्रेक्षक' असं लिहिलं. एका शब्दात इतकी खोल बदनामी माझी आधी कोणी केली नव्हती.

जबाब झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "ते मिसाईल लागतं का शेवटी? आमची ड्युटी लय वाईट हाय, मधले भाग बुडाले." मी सांगितलं की ते रणवीरच्या आईच्या पुण्याईने वळलं. ते समाधानाने हसले आणि मग म्हणाले की अर्ज आला म्हणजे तो निकालात तरी काढावा लागणार. एखाद्या माजी सैनिकाने लिहून दिलं की त्याच्या भावना दुखावल्या नाहीत, तर साहेबांपुढे ठेवता येईल.

माजी सैनिक आमच्या सोसायटीतच होते, आणि तेही वैमानिक. बी विंगमध्ये विंग कमांडर वामन गायधनी एकटेच राहत. वय पंचाहत्तरीच्या पुढे, अंगकाठी बारीक, मिशी नाही, आवाज इतका हळू की सोसायटीच्या सभेत ते काय म्हणाले हे इतिवृत्तातूनच कळायचं. एकाहत्तरला त्यांनी प्रत्यक्ष विमान उडवलं होतं. माझी प्रतिक्रिया त्यांनी वाचली असेल आणि ते संतापले असतील, असं देवऱ्यांनी मला खात्रीने सांगितलं होतं. म्हणून आठवडाभर मी बी विंगच्या बाजूने जातही नव्हतो.

त्यांनी दार उघडलं आणि तोंडावर बोट ठेवून मला आत घेतलं. मालिका चालू होती. माईसाहेब धाकट्या सुनेला देवघराच्या किल्ल्या देऊन परत मागत होत्या. गायधनी डोळ्यांची पापणी न लवता पाहत होते. जाहिरात लागल्यावर म्हणाले की काय बाई आहे, अशी एखादी आमच्या स्क्वाड्रनला कमांडर म्हणून मिळाली असती तर युद्ध आणखी लवकर संपलं असतं. मग पुन्हा मालिका लागली, पडद्यावर विमानं आली, आणि गायधनी उठले. आवाज बंद करून बाल्कनीत जाऊन कुंड्यांना पाणी घालू लागले. मी त्यांच्या मागोमाग बाल्कनीत गेलो आणि घाबरत घाबरत माझं काम सांगितलं.

त्यांना माझ्या प्रतिक्रियेबद्दल काहीच माहीत नव्हतं. मास्क काढतात हेही माहीत नव्हतं, कारण विमानांचा भाग त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. मी विचारलं, का नाही पाहत, चुका असतात म्हणून?

"चुका असतीलही," ते म्हणाले. "पण तिथे कोणी एवढं बोलत नाही हो. आमचा एक मित्र होता. रेडिओवर त्याचा आवाज होता, मग नव्हता. एवढंच. याचे हे लोक भाग कसे पाडतात, ते मला बघवत नाही."

कुंडीतून पाणी खाली ए विंगच्या मोटारींवर गळत होतं. त्यांनी झारी ठेवली, आत येऊन कागद घेतला आणि लिहून दिलं: 'माझ्या भावना शाबूत आहेत. वा. गायधनी.' हवालदार गांगुर्ड्यांनी तो कागद दोनदा वाचून विचारलं की यात सैन्याचा उल्लेख कुठे हाय? पण कागद ठेवून घेतला.

प्रकरण इथे मिटलं असतं, पण शिव्या खाणारा माणूस वाया जाऊ नये याची काळजी वाहिनीला असते. तिथून हर्षाली नावाच्या मुलीचा फोन आला. आवाज इतका गोड की मी उभा राहून बोललो. त्यांना नाशिकमध्ये प्रेक्षकांचा मेळावा घ्यायचा होता. रणवीरचं काम करणारा मयुरेश स्वतः येणार होता, आणि त्याच्यासमोर मी माझं म्हणणं मोकळेपणाने मांडायचं होतं. माझा सन्मान राखला जाईल असं तिने तीनदा सांगितलं. पहिल्या खेपेलाच मी हो म्हणालो होतो, बाकीच्या दोन वेळा ऐकायला बरं वाटलं म्हणून थांबलो. सोबत खऱ्या वैमानिकालाही आणा, असं तिने सुचवलं. गायधनी येईनात. माईसाहेब येण्याची शक्यता आहे असं मी सांगितलं, तेव्हा ते कोट शोधायला लागले. त्या येणार की नाही हे मी हर्षालीला विचारलंच नव्हतं.

गंगापूर रोडवरच्या एका लॉन्सवर मेळावा झाला. स्थानिक व्यवस्था देवऱ्यांकडे होती. मंचावर थर्माकोलचं लढाऊ विमान होतं आणि मागून ढग सोडणारं यंत्र. माझ्या खुर्चीवर 'टीकाकार' अशी पाटी होती. गायधनींच्या खुर्चीवर पाटी नव्हती. त्यांना आधी दोघांनी ध्वनिव्यवस्थेवाले समजून वायर कुठे लावू असं विचारलं.

मयुरेश विमानाच्या पोटातून गणवेशात बाहेर आला तेव्हा माणसं खुर्च्यांवर उभी राहिली. मुलगा स्वभावाने चांगला होता, वाकून माझ्या पाया पडला. तेवढ्याने निम्मी सभा माझ्याविरुद्ध गेली. मी माइक हातात घेऊन म्हणालो, "माझा मुद्दा मास्कचा," आणि त्या क्षणी मागच्या यंत्रातून ढग सुटला. तो थेट माझ्या तोंडावर आला. त्याला धूप आणि रॉकेल यांच्या मधला काहीतरी वास होता. माझा घसा बसला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि मला दिसेनासं झालं तेव्हा कोणीतरी मला मिठी मारली. तो मयुरेश होता. टाळ्या थांबेनात. उंचावर गेल्यावर मास्क का लागतो, हे मी त्या क्षणी सर्वांसमोर सिद्ध करत होतो. पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

मग हर्षालीने गायधनींना पुढे बोलावलं. तिने विचारलं, मृत्यू समोर दिसत असताना तुम्ही पत्नीच्या फोटोशी काय बोललात? ते म्हणाले, तेव्हा माझं लग्न झालं नव्हतं. तिने विचारलं, मग कोणती घोषणा दिलीत? ते म्हणाले, घोषणा नाही दिली, इंधन किती आहे ते बघत होतो. लोक चुळबुळ करू लागले. शेवटी तिने काकुळतीला येऊन विचारलं, निदान वाटलं काय?

"भीती," गायधनी म्हणाले. "सगळ्यांनाच वाटायची. परत उतरलो की पाय लटपटत. शिडीवरून खाली यायला कोणीतरी हात देत असे."

माइक असूनही ते इतकं हळू बोलले की शेवटच्या रांगांना फक्त पहिला शब्द ऐकू गेला. मग मागून कोणीतरी मोठ्याने विचारलं की हे खरे पायलट आहेत का? कुजबुज वाढू लागली तसा मयुरेशने प्रसंग सांभाळला. तो छाती काढून म्हणाला की भीती हा शब्द आमच्या शब्दकोशात नाही. लॉन्स दणाणून गेलं. गायधनींनीही सभ्यपणे टाळ्या वाजवल्या आणि खुर्चीत बसता बसता मला विचारलं, "माईसाहेब आल्या नाहीत का?"

रविवारी मेळावा टीव्हीवर दाखवला. माझे अश्रू पडदाभर होते, खाली व्हायोलिन होतं आणि अक्षरं होती, 'टीकाकारालाही पाझर फुटला.' गायधनी कुठेच नव्हते. एका दृश्याच्या कडेला कोटाचं कोपर दिसलं, ते त्यांचं असावं.

सोमवारपासून माझे दिवस पालटले. ज्यांनी मला देश सोडायला सांगितलं होतं, त्यांनीच मला माणूस म्हटलं. देवऱ्यांनी कांद्यांची गोणी पाठवली. हवालदार गांगुर्ड्यांनी फोन करून सांगितलं की साहेबांनी कार्यक्रम पाहिला, साहेबसुद्धा हलले, अर्ज निकालात निघाला. भाजीवालीने कोथिंबीर फुकट दिली. मी खोटं काही बोललो नव्हतो. मला फक्त गप्प राहायचं होतं, आणि ते मला छान जमत होतं.

त्याच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर संदेश आला. बी विंगमधल्या गृहस्थांनी भर सभेत सैन्य घाबरतं असं म्हटलं, तरी ते खरोखर सैन्यात होते का याची कमिटीने खात्री करून घ्यावी. त्याखाली अंगठे उठले. मी मोजले नाहीत, पण बरेच ओळखीचे होते. देवरे माझ्याकडे आले आणि म्हणाले की गायधनींकडे कागदपत्रं मागायची आहेत. मागणारा माणूस वजनदार हवा. सध्या सोसायटीत माझ्याइतकं वजन कोणाचं नाही.

मी विचार करून सांगतो म्हणालो. खरं सांगायचं तर दोन दिवस मी विचार केला नाही, मान भोगला. मग एका संध्याकाळी कामासाठी बी विंगमध्ये गेलो होतो, तिथल्या लिफ्टमध्ये गायधनी भेटले. आत आधीच असलेल्या दोघांनी त्यांना पाहून बोलणं थांबवलं. तळमजल्यावर ते दोघे उतरून गेल्यावर गायधनी मला म्हणाले की कागद ट्रंकेत आहेत, पण ट्रंक माळ्यावर आहे, आता मला चढवत नाही, तुमच्यापैकी कोणी काढून घेतली तर बरं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. गॅस सिलिंडरबद्दल बोलावं तसं बोलले.

घरी येऊन मी अनसूयेला सांगितलं की मी पुन्हा लिहिणार. मला वाटलं ती अडवेल. ती म्हणाली, कांदे निम्मे संपलेत, परत मागितले तर निम्मे विकत आणावे लागतील, एवढं लक्षात ठेवा. आणि चष्मा शोधून दिला.

मी लिहिलं की मी रडलो नव्हतो, ढगाचं यंत्र माझ्या तोंडावर सुटलं होतं. त्या मंचावर युद्धात विमान उडवलेला एकच माणूस होता, त्याला भीती वाटली होती आणि तरी तो पुन्हा पुन्हा वर गेला होता, आणि त्याच्याकडे कागद मागणाऱ्यांनी आधी मयुरेशकडे मागावेत. पुन्हा पूर्ण नाव, पुन्हा नाशिक.

काय झालं ते सविस्तर सांगत नाही. पहिल्या वेळचे लोक परत आले आणि येताना नातेवाईक घेऊन आले. भाजीवाली कोथिंबिरीचे पैसे घेऊ लागली. देवरे जिन्यात भेटले की घड्याळ पाहत. मात्र कागद मागायला कोणी गेलं नाही, कारण वजनदार माणूस उरला नव्हता.

वाहिनीने मला उत्तर दिलं नाही. तिने मला मालिकेत घेतलं. महिन्याभराने 'पहारेकरी'मध्ये नवं पात्र आलं. विमा एजंट धोंडोपंत. जाड चष्मा, इस्त्रीचा शर्ट, बोलताना आवंढा गिळायची सवय. हवाई तळाजवळ राहून तो विमानांच्या वेळा शत्रूला कळवतो असं दाखवलं होतं. अनसूया पडद्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघून म्हणाली की कॉलरसुद्धा तशीच आहे. अब्रूनुकसानीचा दावा लावावा का, असं मी लियाकतभाईंना विचारलं. ते म्हणाले, त्यासाठी तो एजंट म्हणजे आपणच, असं कोर्टात सिद्ध करावं लागेल.

अलीकडे गायधनी मालिका बघायला आमच्याकडे येतात. अनसूयेला माईसाहेबांविषयी बोलायला कोणीतरी लागतं. त्या दिवशी भागाच्या मध्यावर हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला. रणवीर मास्क फेकून गर्जना करत विमानाकडे धावला. धोंडोपंत मात्र टेबलाखाली शिरला. त्याच्या हातातली कपबशी इतकी थरथरत होती की चहा सगळा शर्टावर सांडला. त्याने कानांवर हात दाबून धरले आणि तोंड उघडं टाकून वर छताकडे पाहत राहिला. पार्श्वसंगीतात गमतीचा ढोल वाजला. शेजारपाजारच्या फ्लॅटमधून हसण्याचा आवाज आला. माझे कान तापले.

गायधनी नेहमीप्रमाणे बाल्कनीकडे जायला उठले होते, ते अर्ध्यावरच थांबले. मी रिमोट हातात घेऊन विचारलं, आवाज बंद करू का? त्यांनी हातानेच नको म्हटलं. उभ्या उभ्या पूर्ण दृश्य पाहिलं.

"हा नट कोण आहे?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, माहीत नाही, नवीनच दिसतो.

"चांगला आहे," ते म्हणाले आणि पुन्हा खुर्चीत बसले. "आम्ही सगळे असेच दिसायचो."